तीन अँटेना आणि एक करवत

माझा भाऊ ज्याच्यामुळे गेला, त्याला मी या खुर्चीत बसवणार, हे मी तीन वर्षांपूर्वीच ठरवलं होतं. मारायचं नाही, पोलिसांत जायचं नाही. फक्त मच्छीमार सोसायटीच्या या ऑफिसात रेडिओसमोर सकाळी सहा ते दुपारी दोन बसवायचं आणि ऐकायला लावायचं. नुसती खरखर. कोणीतरी लांबून बोलावतंय आणि आपल्याला ऐकू येत नाहीये, हे कसं असतं ते त्यालाही कळू दे. बाकी मला काही नको होतं.

ही खुर्ची माझी. अकरा वर्षं झाली. आमच्या बंदरातल्या छत्तीस बोटी समुद्रात असल्या की त्यांचा किनाऱ्यावरचा कान म्हणजे मी. कोणाचं इंजिन गरम झालं, कोणाचं जाळं अडकलं, कोणाच्या बायकोला कळा सुरू झाल्या, सगळं या खुर्चीतून जातं. लोक मला तोंडावर ताई म्हणतात, पाठीमागे तोफ. मला दोन्ही चालतं.

तीन वर्षांपूर्वी धाकटा सकाळी निघाला. एरवी चार-पाच मैलांच्या आतच जाळं टाकायचा. त्या आठवड्यात मासळी लांब सरकली होती म्हणून तोही लांब गेला. परत आला नाही. चौथ्या दिवशी बोट सापडली. फुटलेली नाही, उलटलेली नाही, नुसती रिकामी. इंजिनाचं झाकण उघडं आणि बाजूला पाना पडलेला. त्या दिवशी मी याच खुर्चीत होते. पाणी प्यायलासुद्धा उठले नव्हते. काही म्हणजे काही आलं नाही.

बोट ओढून धक्क्याला लावली तेव्हा गोडबोल्या आला. गोडबोल्या म्हणजे बंदरावरचा रेडिओवाला दुकानदार. रेडिओ, बॅटऱ्या, वायरी, अँटेना, सगळं त्याच्याकडूनच यायचं, भावाचंही त्याच्याकडचंच. बोलणं असं की मुंग्या लागतील. तो बोटीत उतरला, बटण दाबलं, दिवा लागला. तीस माणसं धक्क्यावर उभी होती. त्यांच्यासमोर हा म्हणाला, "रेडिओ ठणठणीत आहे. बॅटरीत दम आहे. माणसानं बोलायचं बटणच दाबलं नाही तर यंत्र काय करणार? पिऊन पडला असेल बिचारा."

बिचारा म्हणे! माझा भाऊ लग्नातसुद्धा सरबत पिऊन घरी यायचा. पण बोललेलं चिकटतं. महिन्याभरात सगळ्या बंदराला माहीत झालं, की तो प्यायला होता. मी चार जणांशी भांडले, एकाच्या अंगावर चहा फेकला. उपयोग शून्य.

आणि वहिनी. तिनं 'प्यायला' यावर विश्वास ठेवला नाही, नवरा तिला ठाऊक होता. पण 'बटणच दाबलं नाही' हे तिच्या काळजात रुतून बसलं. त्या दिवशी सकाळी त्या दोघांचं भांडण झालेलं. कशावरून? तर मोरीचा नळ गळत होता आणि तो महिनाभर 'उद्या करतो' म्हणत होता. एवढ्यावरून तो डबा न घेताच गेला.

"त्यांना मला हाक मारावीशी वाटली नाही, वन्सं," ती म्हणाली. "रागात होते. इंजिन बंद पडलं तरी मारली नाही."

"अगं, मारली असेल! अँटेना गेला असेल."

"तुम्हीच तर ऐकत होतात. तुम्हाला आली का?"

तिनं त्याचा फोटो भिंतीवरून काढून कपाटात उलटा ठेवला. नळ अजून गळतो. ती दुरुस्त करू देत नाही.

मला मात्र एक गोष्ट पक्की ठाऊक होती. जाण्याच्या आधी आठ-दहा दिवस भावाचा आवाज रेडिओवर बारीक येत होता. मी त्याला म्हटलंही होतं, "काय रे, विहिरीतून बोलतोयस का?" तो म्हणाला होता, "बघतो, दुकानदाराला विचारतो." म्हणजे रेडिओ ठणठणीत, बॅटरी ठणठणीत, मग उरलं काय? अँटेना. गोडबोल्यानं माझ्या भावाच्या गळ्यात भिकार अँटेना मारला, आणि तो उघडा पडू नये म्हणून मेलेल्या माणसाला दारुडा ठरवला. हे गणित मी मनात इतक्या वेळा मांडलं की ते मला तोंडपाठ झालं.

गेल्या वर्षी देवानं माझं ऐकलं. सोसायटीनं ठरवलं की छत्तीसच्या छत्तीस बोटींना एकच चांगला, टिकाऊ अँटेना बसवायचा. निवड कोण करणार? चेअरमननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "करते. पण माझ्या पद्धतीनं."

तीन विक्रेत्यांनी नमुने दिले. दोन बाहेरचे, एक गोडबोल्या. तो अँटेनासोबत छापील कागदही घेऊन आला.

"ताई, यात सगळं लिहिलंय. कसा बसवायचा, काय काळजी घ्यायची. एकदा नजर टाका."

मी त्याच्यासमोर तो कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. "टाकली," म्हटलं. तो हसला. त्याला काय, चिखलात ढकललं तरी हसेल.

मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर अट घातली. "याचा अँटेना नापास झाला तर याच्याकडून कोणी खिळासुद्धा घ्यायचा नाही. आणि यानं एक वर्ष माझ्या खुर्चीत बसायचं."

"आणि पास झाला तर?" गोडबोल्यानं विचारलं.

"तर तू म्हणशील ते."

"माझ्या दुकानासमोर उभं राहून माफी मागायची, ताई. दोन वर्षं तुम्ही माझं नाव घेऊन थुंकताय. मलाही घरदार आहे."

"मागेन," मी म्हटलं. मला खात्रीच होती ना.

मग मी कामाला लागले. अँटेना निवडणं म्हणजे दुकानातला झाडू निवडणं नव्हे. वरून सगळे सारखेच, पांढऱ्या काठीसारखे. मी शेजारच्या बंदरातल्या जुन्या मेकॅनिककडे चार खेपा घातल्या आणि त्याचं डोकं खाल्लं. तो म्हणाला, खरा अँटेना काठीच्या पोटात असतो. बाहेरची काठी फायबरची, ती नुसता अंगरखा. आत पितळी नळी असेल आणि प्रत्येक जोड कथलानं नीट डाखलेला असेल तर तो दहा वर्षं जातो. नुसती वायर सोडलेली असेल तर बोटीच्या हादऱ्यांनी दोन वर्षांत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. बुडाशी प्लास्टिक असेल तर उन्हानं तडकतं, तिथं स्टीलच हवं. आणि लहान बोटीला फार जास्त ताकदीचा, उंचच्या उंच अँटेना घ्यायचा नाही. तो आवाज चपटा करून लांब फेकतो, पण बोट डुलली की आवाज एकदा आभाळात जातो आणि एकदा पाण्यात. मी सगळं वहीत लिहून घेतलं.

तिन्ही नमुने मी बंदराच्या भिंतीच्या टोकाला, जिथं लाटा अंगावर येतात, तिथं खांबाला बांधले. वर्षभर. ऊन खा, मीठ खा, वारा खा. दर रविवारी मी जाऊन बघायची. खरं सांगते, मी गोडबोल्याच्याच अँटेनासमोर जास्त वेळ उभी राहायची. कुठं तडा दिसतोय का, कुठं गंज सुटतोय का. एकदा तर वहिनीच म्हणाली, "वन्सं, नजरेनं तुटत असता ना, तर केव्हाच तुटला असता."

वर्ष संपलं तसे तिन्ही सोडून आणले आणि ऑफिसच्या अंगणात, सगळ्या बोटमालकांसमोर, सुताराची करवत घेऊन मी स्वतः कापायला बसले. पहिल्याच्या पोटात नुसती वायर, तीही हिरवी पडलेली. लोक हळहळले. दुसऱ्याचं बूड प्लास्टिकचं, आत पाणी. पोटातून चमचाभर पाणी जमिनीवर पडलं. तिसरा गोडबोल्याचा. मी हातावर थुंकले आणि करवत अशी चालवली की घामानं पदर भिजला.

आत पितळी नळी. पिवळीधमक. जोड डाखलेले, पाण्याचा टिपूस नाही. कालच कारखान्यातून आल्यासारखा.

गोडबोल्यानं खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! तोंडात मारल्यासारखी मी बसले होते, आणि एकदम सुचलं.

"नमुना कोणीही चांगला देईल," मी उठत म्हटलं. "दाखवायचं एक आणि विकायचं दुसरं. याचा विकलेला अँटेना तपासा. माझ्या भावाच्या बोटीवरचा. अजून तिथंच आहे."

भावाची बोट आमच्या घरामागं ओंडक्यांवर ठेवलेली आहे. मी करवत घेऊन तिकडे निघाले, तर वहिनी आडवी आली. "कापायचा नाही. त्यांचा आहे तो."

"मग नाही कापत. बोलायला लावू त्याला," मी म्हटलं.

ठरलं असं. बंदरातला सगळ्यात जुना बोटवाला, ज्याला सगळे तांडेल म्हणतात, तो आपल्या बोटीवर भावाचा अँटेना चढवणार. आधी बसवलेला त्याचा स्वतःचाही तिथंच राहणार. रेडिओ एकच, वायर काढून या अँटेनाला लावायची नाहीतर त्याला. आणि भावाच्या अँटेनावरून हाक मारायला बोटीवर जाणार खुद्द गोडबोल्या. बारा मैल आत. त्यानं जन्मात धक्क्याच्या पुढे पाऊल टाकलं नव्हतं. रेडिओ विकणारा हा माणूस पाण्याला भितो हे सगळ्या बंदराला माहीत होतं, आणि मी ते मुद्दामच केलं. कशाला लपवू?

"चालेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ऑफिस भरलं. चेअरमन, सेक्रेटरी, सात-आठ बोटमालक आणि कोपऱ्यात स्टुलावर वहिनी. तीन वर्षांत ती पहिल्यांदा या खोलीत आली होती. मी हेडफोन काढून ठेवले आणि स्पीकर लावला. सगळ्यांनी ऐकावं. बाहेरच्या बोटीही त्याच चॅनेलवर होत्या, त्याही ऐकत होत्या. अकरा वाजता तांडेलनं आपल्या अँटेनावरून सांगितलं, "ताई, बारा मैल झाले. इंजिन बंद करतो. आता वायर बदलतो, त्याला बोलू दे. त्याचं तोंड पांढरं पडलंय, पण बोलेल."

"बोलू दे," मी म्हटलं.

खरखर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. स्पीकरमधून नुसती खरखर. मी घड्याळाकडे बघत होते. वीस मिनिटांनी तांडेलनं वायर परत फिरवली. त्याचा आवाज स्वच्छ आला. "ताई, ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. मिळालं का काही?"

"एक शब्दसुद्धा नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची वळवून सगळ्यांकडे तोंड केलं. "ऐकलंत? एक शब्द नाही! असाच ओरडत होता माझा भाऊ. असाच घसा बसेपर्यंत. आणि त्याला म्हणता दारुडा!"

वहिनी रडायला लागली. तोंडात पदर कोंबून, तीन वर्षांचं सगळं एकदम. "मारली होती," ती म्हणाली. "मला हाक मारली होती." सेक्रेटरीनं तिला पाणी दिलं. चेअरमन मान खाली घालून बसले होते. मी मनात म्हटलं, आता ये तू परत, गोडबोल्या. ये, तुझी खुर्ची पुसून ठेवते. इतका आनंद मला भावाच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता. अगदी खरं सांगते.

तासभर झाला. लोक उठले नव्हते, गोडबोल्याचं तोंड बघायला थांबले होते. चहा आला. मी माझा कप उचलायला गेले आणि तेवढ्यात स्पीकर बोलला.

"ऐकू येतंय का? ऑफिस, ऐकू येतंय का?"

गोडबोल्या. घसा फाटलेला, पण शब्द न शब्द स्वच्छ, जणू खिडकीत उभा राहून बोलतोय. मी माईक उचलला. "तांडेलच्या अँटेनावरून कशाला बोलतोस? लाज वाटते का?"

"नाही हो ताई. तुमच्या भावाच्याच अँटेनावरून बोलतोय. तांडेलला विचारा."

मागून तांडेलचा आवाज आला. "खरंय, ताई. मी माझ्या हातानं वायर लावली."

"मग मघाशी का नाही आलं?"

"रंग," गोडबोल्या म्हणाला. मध्येच त्याला उलटी झाली असावी, आवाज तुटला, मग परत आला. "वरून स्टीलसारखा दिसत होता. मी विकला तेव्हा पांढरा होता. नख लावलं तर खाली पांढरा निघाला. कोणीतरी चंदेरी रंग मारलाय यावर. एक हात नाही, चांगले तीन-चार थर. अहो, त्या रंगात धातूची पूड असते. अँटेनाला त्यात गुंडाळल्यावर आवाज बाहेर पडणार कुठून? जवळच्या जवळ कसाबसा जाईल, लांब नाही. तासभर चाकूनं खरवडतोय आम्ही. हे तर कागदावर लिहिलेलं असतं. कोणी लावला हा रंग?"

आमच्याकडे मोसम सुरू व्हायच्या आधी बोट रंगवायची ती घरच्या बायकांनी. भावाच्या लग्नाआधीपासून त्याची बोट मी रंगवत होते आणि नंतरही वहिनीला हात लावू दिला नाही. अँटेनाला चंदेरी रंग मीच द्यायची, दरवर्षी एक हात, आणि त्या वर्षी उरलेला डबा संपवायचा म्हणून दोन. का? तर उन्हात तो लांबून चमकायचा. दुपारी दोनला सुटी झाली की मी भिंतीच्या टोकाला जायची आणि ती चमक दिसली की समजायचं, आला माझा धाकटा. दुसऱ्या कोणाच्या बोटीला तसा नव्हता. मला त्याचा मोठा अभिमान होता.

टेबलावर माझ्या कपाखाली गोडबोल्याचा तो छापील कागद अजून होता. वर्षभरात त्यावर चहाची वर्तुळं पडली होती. मी कप बाजूला केला. नऊ नंबरची ओळ. धातू असलेला रंग अँटेनाला कदापि लावू नये. मोठ्या अक्षरांत होती हो. वाचायला चष्मासुद्धा लागला नाही.

खोलीत कोणाला काही माहीत नव्हतं. एक वहिनी सोडून. ती माझ्याकडे बघत होती आणि तिचं रडणं थांबलं होतं. मी एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं, की 'कोणास ठाऊक'. किंवा 'भावानंच लावला असेल'. मेलेला माणूस काय नाही म्हणणार होता? गोडबोल्यानंही असंच केलं होतं.

मी बटण दाबलं. "मी लावला."

स्पीकरवर खरखर.

"ऐकलंस का? मी लावला म्हटलं. या हातांनी. तुझा अँटेना चांगला होता. तुझ्या दुकानासमोर येऊन माफी मागेन, नाक घासून मागेन. पण आधी तू बोलायचं. सगळ्या बोटी ऐकतायत. माझा भाऊ काय करत होता ते सांग."

"ताई, मी..."

"तू नुसता दिवा लावून बघितलास. वर मान करून अँटेना बघितला नाहीस. तुला माहीत नव्हतं आणि तू तोंड उघडलंस. आता बारा मैलांवर बसलायस, इंजिन बंद आहे, वीस मिनिटं ओरडलास आणि कोणाला ऐकू गेलं नाही. कसं वाटतं ते तुला आता कळलंय. बोल."

मग तो फाटका आवाज आला, आणि गोडबोल्याच्या तोंडून मी पहिल्यांदाच साखर नसलेला शब्द ऐकला. "मी खोटं बोललो. तो प्यायला नव्हता. त्यानं बटण दाबलं असणार. तो बोलावत होता. मी... मलाही आत्ता वाटलं, की कोणी ऐकत नाही म्हणजे आपण मेलो."

एकेक करून बोटींचे आवाज आले. ऐकलं. ऐकलं. ऐकलं. मी मोजले नाहीत.

खोलीतली माणसं माझ्या नजरेला नजर न देता निघाली. चेअरमन दारात थांबून म्हणाले, "ताई, थोडे दिवस घरी बसा. खुर्चीचं आम्ही बघतो." मी उठलेच होते. त्या खुर्चीत आता मला क्षणभरही बसवत नव्हतं.

वहिनी स्टुलावरून उठली आणि माझ्यासमोर आली. मला वाटलं, ही आता कानाखाली मारणार. मारली असती तर बरं झालं असतं. तिनं डोळे पुसले, तोच पदर नीट केला.

"आज फोटो परत लावते," ती म्हणाली. "आणि नळाला माणूस बोलावते."

"हो," मी म्हटलं. "मी पण येते घरी."

"नाही वन्सं." तिनं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. "तुम्हीच म्हणत होतात ना? ते ज्याच्यामुळे गेले, त्यानं इथं बसायचं आणि ऐकायचं."

तिनं मला खाली दाबलं. हळूच, पण दाबलं. चेअरमन काहीतरी म्हणायला गेले, तिनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मी बसले. तिनं टेबलावरचे हेडफोन उचलून माझ्या डोक्यावर चढवले, केस अडकले होते ते सोडवले, आणि घरी गेली. मी चॅनेल लावला. नुसती खरखर होती. मी ऐकायला लागले.